उरलेले पैसे कोण भरतो?

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या श्रद्धाधिष्ठित आणि अभिजात शिक्षण देणाऱ्या छोट्या कॉलेजांवरचा आपल्या अंकातला लेख वाचला. होमर, ॲरिस्टॉटल, युक्लिड थेट त्यांच्या ग्रंथांतून शिकवायचे, जोडीला प्रार्थना आणि चारित्र्याची घडण, आणि हे सगळे साध्या घरातल्या मुलांना परवडेल असे ठेवायचे, हा या कॉलेजांचा दावा लेखात ठळकपणे आला आहे. पहिल्या दोन गोष्टींवर लेखकाने भरभरून लिहिले आहे. तिसरीची बोळवण मात्र ‘अनेकांना स्कॉलरशिप मिळते’ एवढ्या एका वाक्यात झाली आहे. खरी मेख तिथेच आहे, म्हणून हे पत्र.

फी कमी असली म्हणजे शिकवण्याचा खर्च कमी आहे, असे नसते. उरलेले पैसे दुसरे कोणीतरी भरत असते. तो कोण आणि कशाच्या बदल्यात भरतो, हे पाहिल्याशिवाय स्वस्ताईचे कौतुक करण्यात अर्थ नाही.

ही गोष्ट जुनीच आहे. ‘ज्ञान ही देवाची देणगी, ते विकता येत नाही’ हे मध्ययुगीन युरोपातल्या चर्चच्या कायदेपंडितांचे लाडके वचन. पण गुरुजींच्या पोटाचे काय? ११७९ मध्ये चर्चच्या धर्मसभेने, म्हणजे तिसऱ्या लॅटरन परिषदेने, त्याची सोय लावली : प्रत्येक कॅथेड्रलने एका शिक्षकाला चर्चच्या उत्पन्नातून कायमची वृत्ती द्यावी आणि त्याने धर्मसेवेत जाणाऱ्यांना व गरीब विद्यार्थ्यांना फुकट शिकवावे. म्हणजे फुकट शिक्षणामागे कुठल्या तरी जमिनीचा वसूल होता. वचन सगळ्यांच्या तोंडी राहते, वसुलाकडे कोणी पाहत नाही.

अमेरिकेतल्या कॅथलिक कॉलेजांत विसाव्या शतकात उरलेला खर्च भरून काढण्याचे हे काम जोगिणींनी (नन) आणि धर्मसंघाच्या पाद्र्यांनी केले. दारिद्र्याचे व्रत घेतलेली सिस्टर लॅटिन शिकवायची, संध्याकाळी वसतिगृह सांभाळायची आणि पगार जवळजवळ घ्यायचीच नाही. हिशेबनीस तिच्या कामाची बाजारभावाने किंमत काढून ती कॉलेजला मिळालेल्या सेवारूपी देणगीच्या खात्यात दाखवत. ही चालतीबोलती गंगाजळीच होती. १९६५ च्या सुमारास त्या देशात अशा सिस्टर सुमारे १,८०,००० होत्या. आज ती संख्या ४०,००० च्याही खाली आहे. त्यांच्या जागी आलेल्या शिक्षकांना घरभाडे असते, मुले असतात, आरोग्य विमा लागतो. फी वाढली त्याला चैनबाजी हे एक कारण असेल, पण कितीतरी कॉलेजांच्या बाबतीत व्रतस्थ माणसे संपली हे अधिक सरळ कारण आहे. काही ठिकाणी ती जागा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी भरून काढली. त्यांना एका विषयाचे ठरावीक पैसे मिळतात, विमा बहुधा नसतोच. दारिद्र्य तेच, फक्त व्रत त्यांनी घेतलेले नाही. सद्गुणांवर माहितीपत्रक छापणाऱ्या संस्थेला हा प्रश्न आधी विचारावा : तुमच्याकडे पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिकेवरचे किती?

आता अभिजात अभ्यासक्रमाकडे. तो मुळात महाग नाही, उलट त्याच्या रचनेतच काटकसर आहे. समजा पहिल्या वर्षाला ९६ विद्यार्थी आहेत आणि सर्वांना एकच अभ्यासक्रम आहे. १६ जणांची तुकडी धरली तर बरोबर सहा तुकड्या होतात, एकही बाक रिकामा राहत नाही. ऐच्छिक विषयांच्या कॉलेजात तेच ९६ जण चाळीस विषयांत पांगतात. कुठे तीस मुले बसतात, कुठे चार. चार मुलांच्या वर्गाला पगार मात्र तेवढाच लागतो. सेंट जॉन्स कॉलेजने ॲनापोलिसला १९३७ मध्ये महान ग्रंथांचा सक्तीचा एकच अभ्यासक्रम सुरू केला. तो त्यांच्या सँटा फे इथल्या शाखेतही चालतो. तिथे विभाग नाहीत, शिक्षकाला ‘ट्यूटर’ म्हणतात आणि त्याने ग्रीकपासून गणितापर्यंत सगळे शिकवावे अशी अपेक्षा असते. सेंट जॉन्स धार्मिक कॉलेज नाही. कॅलिफोर्नियातले थॉमस ॲक्वायनस कॉलेज कॅथलिक आहे. १९७१ पासून ते याच धर्तीवर, लॅटिनसह चालते. पुस्तकेही स्वस्त पडतात, कारण युक्लिडला रॉयल्टी द्यावी लागत नाही.

पैसा जातो तो माणसाच्या वेळेत. युक्लिडच्या भूमितीच्या ग्रंथातल्या पहिल्या भागातले ४७ वे प्रमेय, म्हणजे आपण ज्याला पायथागोरसचे प्रमेय म्हणतो ते, घ्या. विद्यार्थी पुस्तक न घेता फळ्यापाशी जातो, काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर चौरस काढतो, काटकोनाच्या शिरोबिंदूतून खाली समांतर रेषा ओढतो, दोन त्रिकोण एकरूप दाखवतो आणि मोठ्या उत्साहाने ‘म्हणून चौरस त्रिकोणाच्या दुप्पट’ म्हणतो. गाडी अडते ती इथे. छोट्या चौरसाची बाजू आणि त्रिकोणाची बाजू एकाच सरळ रेषेत आहेत हे त्याने सिद्धच केलेले नसते, आकृतीत तसे दिसते म्हणून धरून चाललेले असते. त्याशिवाय तो त्रिकोण आणि तो चौरस एकाच समांतर रेषांच्या जोडीत आहेत असे म्हणता येत नाही. दोन काटकोन शेजारी आले, म्हणून १४ व्या प्रमेयाने त्या बाजू एका रेषेत येतात, हे त्याला सुचेपर्यंत शिक्षक गप्प बसतो. वीस मिनिटे जातात. सांगून टाकले असते तर वीस सेकंद लागले असते, पण मग डोळ्यांना दिसते ते आणि सिद्ध झाले ते यांतला फरक त्याच्या अंगवळणी पडला नसता. बौद्धिक प्रामाणिकपणा हा सद्गुण शिकवण्याची ही जागा, आणि ती वीस मिनिटे यंत्राने कमी होत नाहीत. विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये वाद्यमेळाच्या उदाहरणाने हेच मांडले : चार वादकांची रचना वाजवायला आजही चारच वादक लागतात, तेवढाच वेळ लागतो, पगार मात्र बाकी अर्थव्यवस्थेबरोबर वाढत राहतो.

त्यात ही कॉलेजे लहान. रजिस्ट्रार, ग्रंथालय, मान्यतेची कागदपत्रे, इमारतींची दुरुस्ती हा खर्च विद्यार्थी ४०० असले तरी लागतो आणि १,६०० असले तरी लागतो. तो वर्षाला ६० लाख डॉलर धरला, तर पहिल्या ठिकाणी डोईवर १५,००० डॉलर पडतात, दुसऱ्या ठिकाणी ३,७५०. मान्यताच न घेता खर्च वाचवणाऱ्या नव्या संस्थाही आहेत. त्यांची फी खरोखर कमी असते, पण मधेच कॉलेज बदलायचे झाले तर श्रेयांक धरले जात नाहीत आणि पुढच्या पदवीचा प्रवेश अडतो.

आता स्कॉलरशिपविषयी, कारण गैरसमज इथेच जास्त. अमेरिकेतली खासगी कॉलेजे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना छापील ट्यूशन फीवर सरासरी निम्म्याहून अधिक सूट देतात. हिला स्कॉलरशिप म्हणतात, पण तिच्यामागे बऱ्याचदा कोणाची देणगी नसते. किंमत चढवून लावायची आणि प्रत्येकाला वेगळी उतरवून द्यायची, असा हा दुकानदारी हिशेब. सेंट जॉन्सने २०१८ मध्ये यातून बाहेर पडायचे ठरवले : ५२,००० डॉलरच्या वर गेलेली ट्यूशन फी २०१९-२० पासून ३५,००० केली आणि फरक देणग्यांतून भरून काढायला ३० कोटी डॉलरची मोहीम काढली. हे धाडसाचे होते. नुसती छापील फी उतरवून देणग्यांची तजवीज न करणारी कॉलेजे एकदोन वर्षे बातमीत राहतात आणि मग गुपचूप फी वाढवतात. गंगाजळीचे गणित कठोर असते. मुद्दल टिकवायचे तर वर्षाला चार-पाच टक्केच काढता येतात. एका विद्यार्थ्याचे वर्षाचे ३०,००० डॉलर कायमचे भागवायचे, तर साडेचार टक्क्यांनी सुमारे ६,६७,००० डॉलर बाजूला पडलेले हवेत, एका विद्यार्थ्यामागे!

केंटकीतल्या बेरिया कॉलेजने १८९२ पासून ट्यूशन फी घेतलेली नाही, ती अशा गंगाजळीच्या जोरावर. ते अभिजात ग्रंथांचे कॉलेज नव्हे, पण ख्रिस्ती श्रद्धेतून उभे राहिलेले आहे आणि तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान १० तास काम करावे लागते. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा. न्यूटन १६६१ मध्ये केंब्रिजला गेला तो ‘सबसायझर’ म्हणून, म्हणजे सवलतीच्या बदल्यात वरच्यांची चाकरी करणारा विद्यार्थी. जिथे फक्त गरीब मुलगा भांडी घासतो तिथे श्रमाला चाकरीचा वास येतो. सगळेच घासतात तिथे श्रमप्रतिष्ठा हा शब्द वापरता येतो. मिसुरीतल्या कॉलेज ऑफ द ओझार्क्समध्येही सगळ्यांना आठवड्याला १५ तास काम असते, शिवाय वर्षात ४० तासांचे दोन आठवडे. पण या कामातून सगळा खर्च निघतो अशी कोणी समजूत करून घेऊ नये. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना काम शिकवायला मुकादम लागतात, मुले चार वर्षांनी निघून जातात आणि नवी तुकडी पुन्हा शून्यापासून शिकते. मोठा वाटा देणगीदारांचाच असतो.

उरला सरकारी पैसा. ग्रोव्ह सिटी कॉलेजच्या १९८४ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कॉलेजने स्वतः काही घेतले नाही, तरी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या केंद्रीय मदतीमुळे त्या मदतयोजनेपुरते तरी स्त्री-पुरुष भेदभावविरोधी नियम लागू होतात. १९८८ च्या कायद्याने ते संपूर्ण संस्थेला लागू झाले. ग्रोव्ह सिटी आणि हिल्सडेल या कॉलेजांनी विद्यार्थ्यांमार्फत येणारी मदतही सोडून दिली. श्रद्धेचे स्वातंत्र्य म्हणून या निर्णयाचे कौतुक होते. ते करताना एवढे लक्षात असावे की गरीब विद्यार्थ्याला एरवी मिळालेले केंद्रीय अनुदान तिथे वापरता येत नाही. त्याची भरपाई कॉलेजच्या देणगीदारांच्या मर्जीवर राहते आणि देणगीदारांचीही मते असतात. परदेशी विद्यार्थ्यांना ही केंद्रीय मदत कुठेच मिळत नाही, त्यामुळे त्यांनी फक्त कॉलेजची स्वतःची ताकद पाहावी.

ज्यांच्या हातात प्रवेशाचे पत्र आले आहे त्यांनी आकडे असे मांडावेत. ट्यूशन, इतर शुल्क, राहणे-जेवणे, पुस्तके, विमा, प्रवास यांची बेरीज करावी आणि त्यातून परत न करायची रक्कम तेवढीच वजा करावी. पत्रात अनुदानाच्या खालीच कर्ज छापलेले असते, कधी पालकांच्या नावचे कर्जही, आणि तळाशी ‘शिल्लक ० डॉलर’ असे दिसते. तो शून्य फसवा. कॅम्पसवरच्या कामाची रक्कमही बिलातून वजा होईलच असे नाही. बहुतेक ठिकाणी काम कराल तसा पगार हातात येतो. बाहेरची एखादी स्कॉलरशिप मिळाली तर कॉलेज आपली तेवढी कापते का, तेही विचारून घ्यावे. केंद्रीय मदत घेणाऱ्या कॉलेजांना २०११ पासून संकेतस्थळावर निव्वळ खर्च काढण्याचे साधन ठेवावे लागते. त्यातून निघणारा आकडा छापील फीपेक्षा खरा, पण तो पहिल्या वर्षाचा असतो.

आणि गोची पुढच्या वर्षांतच असते. ट्यूशन ३६,००० डॉलर, स्कॉलरशिप २०,००० ठरावीक. म्हणजे पहिल्या वर्षी १६,००० भरायचे. फी दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढली आणि स्कॉलरशिप तिथेच राहिली, तर दुसऱ्या वर्षी १७,४४०, तिसऱ्या वर्षी १८,९३८ आणि चौथ्या वर्षी २०,४९५ भरावे लागतात. वाढ दिसते चार टक्के, खिशाला बसते ती नऊ टक्क्यांच्या आसपास. चार वर्षांत ६४,००० ऐवजी सुमारे ७२,८७३. त्यात स्कॉलरशिप टिकवायला गुणांची अट असेल, तर पहिल्या वर्षीच्या ग्रीक किंवा लॅटिनमध्ये घसरलेल्या मुलाचे सगळे गणित कोसळते. म्हणून प्रवेश कार्यालयाला पहिल्या वर्षाचा आकडा विचारून भागत नाही. आज चौथ्या वर्षात असलेल्या, अशीच स्कॉलरशिप घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला यंदा किती भरावे लागले आणि त्याच्या तुकडीतल्या किती जणांची स्कॉलरशिप मधेच गेली, हे लेखी मागावे.

आपला,
एक वाचक