उद्याचा संगणक उघडता आला पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत भविष्यातल्या संगणकाविषयीचा लेख वाचला. चष्म्यात मावणारा, कानात बोलणारा, आपल्याला काय हवंय ते आधीच ओळखणारा, वगैरे. कल्पना झकास आहेत. पण ज्यांचं पोटच संगणकावर आहे त्यांना तो कसा हवाय, हे लेखात कुठे सापडलं नाही. माझा सांगलीत डीटीपीचा, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून छपाईसाठी पानं तयार करण्याचा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, स्मरणिका, असली कामं.

मध्यंतरी एका जुन्या वाचनालयाची मंडळी शताब्दीच्या स्मरणिकेसाठी सीडी घेऊन आली. अमृतमहोत्सवाच्या वेळचा सगळा मजकूर तिच्यात होता. सीडी चालली, फाइलही उघडली, पण पडद्यावर आला तो इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या चिन्हांचा काला. त्या काळचे मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी वळणं. दिसायचं मराठी, साठायचं इंग्रजीच्या कोडमध्ये, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. तो फाँट नसला की मजकूर असून नसल्यासारखा. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि पहिली वेलांटी वाट चुकते. मग ओळ न् ओळ पुन्हा तपासा.

बरं, सोय नव्हती असंही नाही. भारतीय लिप्यांसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक १९८६ सालचा. इस्की या नावाने भारतीय लिप्यांच्या कोडचं मानक १९९१ मध्ये आलं आणि जगातल्या लिप्यांना एकच सामाईक कोड देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. आमच्या धंद्यातून जुने फाँट आजही गेलेले नाहीत, हा भाग वेगळा.

म्हणून आदर्श संगणकाकडे माझं पहिलं मागणं हे, की आज लिहिलेलं पन्नास वर्षांनी कुणालाही वाचता यावं, मग ती कंपनी उरो वा बुडो. ‘ह्युमेन’ कंपनीची एआय पिन आठवून पाहा. शर्टाला लावायची, पडदा नाही, बोलून काम करून घ्यायचं. २०२४ मध्ये बाजारात आली तेव्हा किंमत ६९९ डॉलर, वर महिन्याची वर्गणी. फेब्रुवारी २०२५ अखेर कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेल्या पिना जवळजवळ निकामी झाल्या. बोलून टायपिंग ही सोय मात्र मला मनापासून आवडते. आमच्याकडे येणाऱ्या वयस्कर लेखकांना तर ती वरदानच आहे. फक्त ती नेटशिवाय, यंत्राच्या आतच चालावी. पावसाळ्यात आमच्याकडे नेटचा भरवसा कोण देणार?

दुसरं मागणं दुरुस्तीचं. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ अॅलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ नावाचं संगणक-यंत्र कल्पिलं होतं, वहीएवढं, लहान मुलांनीही वापरावं असं. त्याच वाटेवरचा ‘एक मूल, एक लॅपटॉप’ प्रकल्पाचा हिरवा-पांढरा लॅपटॉप २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेतही आला होता. त्याचा पडदा भर उन्हात वाचता यायचा, तो साध्या स्क्रूड्रायव्हरने खोलता यायचा आणि जादा स्क्रू त्याच्या मुठीतच ठेवलेले असायचे! आता बॅटरी डिंकाने चिकटवलेली, रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली. एक भाग गेला की अख्खं यंत्र भंगारात. यंत्र धडधाकट असलं तरी सुटका नाही. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि प्रोसेसर जुना म्हणून कित्येक चालू मशिनं पुढच्या आवृत्तीला अपात्र ठरली.

युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे असा नियम केला आहे. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. पण पोर्टलने बॅटरी निघत नाही. राज्य सरकार शाळांसाठी, कार्यालयांसाठी संगणक घेतं, त्या निविदेतच अट घालावी: बॅटरी, रॅम आणि डिस्क बदलता येणारी हवी, सुटे भाग दहा वर्षं मिळाले पाहिजेत आणि मजकूर युनिकोडमध्ये, खुल्या स्वरूपात साठला पाहिजे. एवढी मोठी खरेदी हातची घालवायला कुठलीही कंपनी सहजासहजी तयार होणार नाही.

— एक डीटीपी व्यावसायिक, सांगली