पॅनेलला तीन कुलुपं, माणसाला एक पाटी

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीचा (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचा) मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन आहे. या कामाला 21 वर्षं झाली.

फाउंड्रीत साच्यांसाठी वाळू मळायचा मिक्सर असतो. आत जड चाकं आणि नांगरासारखी पाती फिरतात. कडेला चिकटलेली वाळू खरवडायला माणसाला आत उतरावं लागतं, आणि उतरलेला माणूस पॅनेलपाशी उभ्या असलेल्याला दिसत नाही. मी आधी होतो त्या कारखान्यात एका संध्याकाळी शिफ्ट बदलताना हेच झालं. मेन बंद न करता नुसतं लाल बटण दाबलं होतं. ‘काम चालू आहे’ ही पाटी मीच अडकवली होती, ती खाली पडली. नव्या शिफ्टच्या ऑपरेटरनं हिरवं बटण दाबलं. आत उतरलेला पोरगा वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

त्याच कारखान्याच्या सबस्टेशनात दोन इनकमर (बाहेरची वीज आत घेणारे ब्रेकर, म्हणजे मोठे स्विच) आणि एक बसकपलर (त्या दोन बाजू जोडणारा ब्रेकर) होता. तिन्हींना की इंटरलॉक, म्हणजे चावी लावल्याशिवाय चालू होऊ न देणारं कुलूप: कुलुपं तीन, चाव्या दोनच. तिसरा ब्रेकर चढवायचा म्हटलं तरी चढत नाही, कारण चावीच नसते. दोन सप्लाय एकमेकांवर येऊ नयेत म्हणून एवढी काळजी घेतली होती. मिक्सरमध्ये उतरणाऱ्यासाठी मात्र सुतळीला बांधलेली पाटी.

हीच युक्ती मिक्सरला लावता येते. आयसोलेटर (मशीनची वीज पूर्ण तोडणारा स्विच) बंद केल्याशिवाय चावी निघत नाही. तीच चावी मिक्सरच्या दाराला लागते आणि दार उघडं असेपर्यंत तिथंच अडकून राहते. दाराच्या कुलपातून दुसरी चावी सुटते, ती उतरणाऱ्यानं खिशात घालायची. ती परत बसवल्याशिवाय दाराला कुलूप लागत नाही, कुलूप लागल्याशिवाय पहिली चावी सुटत नाही आणि तिच्याशिवाय मशीन चालू होत नाही. चाकं थांबायला वेळ घेत असतील तर तोवर चावी अडवून धरणारं टायमर युनिटही मिळतं.

रेल्वेनं हे कधीच ओळखलंय. इंटरलॉक केलेलं फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. गेटमनच्या आठवणीवर ते सोडलेलं नाही.

कारखाने अधिनियम 1948 चं कलम 21 मशीनला संरक्षक कुंपण मागत होतं, कलम 24 बंद स्थितीत कुलूप लावायची सोय. आता त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेखालच्या राज्याच्या नियमांत एवढं स्पष्ट यावं: ज्या मशीनमध्ये माणूस अख्खा आत जातो, मिक्सर असो, शॉट ब्लास्टिंगची (छर्रे मारून ओतीव भाग साफ करायची) खोली असो, तिथं की इंटरलॉक सक्तीचा. हवेच्या दाबावर चालणारी मशीन असेल तर दाब उतरवणारा व्हॉल्व्हही त्याच साखळीत हवा. वीज तोडली तरी साठलेल्या दाबानं सिलिंडर (मशीनचा भाग ढकलणारा दट्ट्या) हलू शकतो. लहान फाउंड्रीवाल्यांना खर्च जड जाईल, त्यांना अनुदान द्या.

डुप्लिकेट चावीचंही बघा. प्रॉडक्शन अडलं की सुपरवायझरच्या ड्रॉवरमधून ती निघते, आणि मग सगळं इंटरलॉक फुकट. जादा चावी सीलबंद असावी, कोणी आणि का काढली याची सहीनिशी नोंद व्हावी.

आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी कागद बघून झाल्यावर मिक्सरपाशी यावं, आत उतरणाऱ्या कामगाराला बोलवावं आणि विचारावं, “तुझी चावी कुठाय?”

आपला नम्र,
एक मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन,
शिरोली एमआयडीसी, जि. कोल्हापूर