पाण्यामागचा वकील

महोदय,

लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठ्याचे श्रेय अभियंता विल्यम मुलहॉलंड यांना दिले जाते, ते रास्तच आहे. परंतु ओवेन्स खोऱ्यातून पाणी आणणाऱ्या, १९१३ साली पूर्ण झालेल्या सुमारे ३७५ किलोमीटरच्या जलवाहिनीची कायदेशीर बाजू सांभाळणारे वकील विल्यम मॅथ्यूज विस्मृतीत गेले, याची मला खंत वाटते. पुढे कोलोरॅडो नदीचे पाणी दक्षिण कॅलिफोर्नियात आणण्यासाठीही ते अखेरपर्यंत झटले. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते पाणी १९४१ मध्ये पोचले. कोलोरॅडोच्या जलवाहिनीच्या टोकावरील जलाशयाला त्यांचे नाव आहे, एवढेच. ओवेन्स खोऱ्यातील शेतकऱ्यांचे पाणी लॉस एंजेलिसला पाणी आणण्याच्या व्यवहारांत गेले, हेही मॅथ्यूज यांच्याविषयी लिहिताना सांगितलेच पाहिजे.

आपला,
एक वाचक