बाबू, ४९ विजयांना माझं उत्तर

फोंडा, गोवा

प्रिय बाबू,
सप्रेम नमस्कार.

चवथीला तू आलास, माटोळीखाली बसून, सगळ्यात मोठा हेवीवेट (सगळ्यात वजनदार गटातला) बॉक्सर कोण, तुझा मार्सियानो की माझा मुहम्मद अली, हे आपलं भांडण रंगात आलं आणि नेमकी तुझी पुण्याची गाडी सुटायची वेळ झाली. पायरी उतरता उतरता म्हणालास, "४९ लढती, ४९ विजय. याच्यावर काय बोलायचं ते बोल." आणि मोटरसायकल-टॅक्सीवाल्या पायलटच्या मागे बसून गेलाससुद्धा. तेव्हापासून उत्तर डोक्यात घोळतंय. फोनवर मला ते धड सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक सांगतो, रॉकी मार्सियानोला मी मुळीच कमी लेखत नाही. उंची पाच फूट दहा इंच, वजन ८४-८५ किलो, आणि हात हेवीवेटच्या मानाने फारच आखूड. असा माणूस लांब हातवाल्यापर्यंत पोचणार कसा? चार्ली गोल्डमन या त्याच्या उस्तादाने त्याला ताठ उभं करायच्या भानगडीतच पडायचं नाही असं ठरवलं, उलट अजून वाकवलं. गुडघ्यात वाकून, डोकं समोरच्याच्या छातीशी आणून तो आत घुसायचा. डोकं मारायला मिळालं नाही तर दंडांवर मारायचा. १९५३ साली रोलंड ला स्टार्झाचे दंड त्याने असे कुटले की बिचाऱ्याला बचावाला हात वर धरवेना. त्याआधी १९५२ साली फिलाडेल्फियात तेव्हाच्या विश्वविजेत्या जर्सी जो वॉलकॉटने त्याला पहिल्याच राउंडमध्ये खाली बसवलं होतं. बारा राउंड झाले तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर मार्सियानो मागे होता. तेराव्यात दोघांचे उजवे हात जवळजवळ एकदमच सुटले, मार्सियानोचा आधी पोचला. वॉलकॉट गुडघ्यांवर कोसळला, त्याचा एक हात दोरालाच अडकून राहिला. तो ठोसा कितीही वेळा बघितला तरी माझ्या अंगावर काटा येतो.

पण बाबू, आकड्यांवरच जायचं तर आकड्यांच्या मागेही बघायला हवं. वॉलकॉट त्या रात्री ३८ वर्षांचा होता. त्याच्या आदल्या वर्षी मार्सियानोने ज्याला आठव्या राउंडमध्ये दोरांबाहेर पाडलं तो जुना विश्वविजेता, जो लुई, ३७ चा. यात मार्सियानोचा काही दोष नाही, समोर जो आला त्याच्याशी तो लढला. मी बघतो ते वेगळंच. ज्या हत्याराच्या जोरावर माणूस वर आला ते हत्यार निकामी झाल्यावर तो काय करतो? मार्सियानोवर ती पाळी कधी आलीच नाही. त्याचं हत्यार शेवटपर्यंत चाललं आणि १९५६ साली तो निवृत्त झाला.

लुईवर मात्र आली. तुला आठवतं, आपल्या बॉक्सिंगच्या हॉलमध्ये तू ठोसे झेलायचं पॅड धरून उभा असायचास, वरच्या पत्र्यांवर पाऊस असा कोसळत असायचा की सरांचं बोलणं ऐकू यायचं नाही? माझा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, जायचा बरोबर, पण परत येताना डावा हात गालाशी यायच्याऐवजी छातीपाशी घसरायचा. तसा घसरला की तुझ्या पॅडची चापट माझ्या डाव्या गालावर. सहा महिने खाल्ल्या मी त्या. लुईची चूक अगदी हीच होती रे. जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने ती हेरली आणि १९३६ साली त्या खाली आलेल्या डाव्या हातावरून आपला उजवा घालून घालून बाराव्या राउंडमध्ये त्याला झोपवलं. लुई परत तालमीत गेला, जॅक ब्लॅकबर्नच्या हाताखाली चूक दुरुस्त केली आणि २२ जून १९३८ ला यांकी स्टेडियममध्ये त्याच श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवलं. एकूण पंचवीस वेळा किताब राखला. माझ्या यादीत तो दुसरा आहे, आणि पहिल्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून.

आता अली. तू म्हणतोस तो नाचायचा, तोंडाने बोलायचा, लोकांना वेड लावायचा. खरं आहे, पण तो पूर्वार्धातला अली. हात कमरेशी, ठोसा आला की डोकं सरळ मागे. आपल्या सरांनी असल्या पोराला हॉलबाहेर उभं केलं असतं. त्याला ते खपून जायचं, कारण पाय आणि डोळे जबरदस्त होते. १९६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्धचे तीन राउंड बघ, माणूस जमिनीला टेकतच नाही. मग १९६७ साली त्याने सैन्यात जायला नकार दिला, किताब गेला, परवाना गेला, आणि ऐन जवानीतली साडेतीन वर्षं वाया गेली. परत आला तेव्हा पाय पूर्वीचे राहिले नव्हते.

पाय गेलेत हे पहिल्यांदा पुरतं दाखवून दिलं जो फ्रेझरने, १९७१ साली न्यूयॉर्कला. फ्रेझरविषयी मी एक पानभर लिहू शकतो. लहानपणी दुखावलेला त्याचा डावा हात कधी पुरता सरळ झालाच नाही, आणि तसल्या वाकड्या हातातून तो हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, निघायचा! अली उजवा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, मारायला हात खाली नेतो हे फ्रेझरच्या कोपऱ्यातल्या एडी फच यांनी टिपलं होतं. हात खाली दिसला की डावा हुक सोडायचा, एवढंच त्यांनी फ्रेझरला सांगून ठेवलं होतं. पंधराव्या राउंडमध्ये त्याच हुकने अली पाठीवर आडवा झाला. पडला तसा उठलाही, पण हरला.

म्हणजे बघ, पाय गेले, चूक जगाला कळली, वय ३२. आणि समोर उभा जॉर्ज फोरमन. २५ वर्षांचा, शंभर किलोचा, ४० पैकी ४० लढती जिंकलेला. ज्या फ्रेझरने अलीला हरवलं त्याला फोरमनने दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं होतं. ज्या केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला होता तोही दोनच राउंड टिकला.

३० ऑक्टोबर १९७४, आफ्रिकेतलं किन्शासा, पहाटे चारच्या सुमारास. पहिल्या राउंडमध्ये अलीने जॅब न मारता थेट उजवा हात मारायला सुरुवात केली. उजवा मागून येतो, लांबून येतो, समोरच्याला दिसतो. निष्णात माणसावर असा उघडा उजवा कोणी टाकत नाही, म्हणूनच फोरमनची त्याला तयारी नव्हती. लागले बरेच, पण फोरमन हलला नाही. शिवाय तो रिंग फार हुशारीने कापायचा, म्हणजे समोरच्याची निसटायची वाट अडवायचा, त्याच्या एका पावलाला अलीला दोन टाकावी लागत होती. पंधरा राउंड हे पाय पुरणार नाहीत, हे अलीला त्या तीन मिनिटांत कळून चुकलं.

मग तो आपणहून दोरांवर गेला. कोपऱ्यातून त्याचे उस्ताद अँजेलो डंडी ओरडताहेत, बाहेर ये, बाहेर ये. हा ऐकत नाही. कोपरं पोटाशी, मुठी गालांशी, आणि पाठ इतकी मागे टाकलेली की फोरमनच्या ठोशाचा निम्मा जोर दोर खातात. जवळ आला की त्याची मान हाताने खाली दाबून सगळं वजन त्याच्यावर टाकायचं. आणि राउंड संपायला अर्धा मिनिट उरला की अचानक चार-पाच ठोसे थेट तोंडावर. बंदी यायच्या आधी भात कापलेल्या शेतात आपण धिरयो बघायला जायचो, आठवतं? सगळ्यात दांडगा बैल लोटत लोटत न्यायचा, आणि दुसरा खूर रोवून, मान खाली घालून नुसता सोसत उभा राहायचा. थोड्या वेळाने दांडग्याच्या बरगड्या भात्यासारख्या हलायला लागायच्या. किन्शासाची ती दमट हवा आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. पाचव्या राउंडनंतर फोरमनचे ठोसे येतात, पण पाण्यातून आल्यासारखे.

टायसनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तुझा धाकटा त्याच्यावरच फिदा आहे. १९८६ साली विसाव्या वर्षी विश्वविजेता, मुठी गालांना चिकटवून डोकं हलवत आत शिरणं आणि बरगडीवरून हनुवटीवर जाणारा उजवा, हे सगळं अफाट. पण १९९० साली टोकियोत बस्टर डग्लसने लांब जॅब मारून त्याला आत येऊच दिलं नाही, तेव्हा टायसनकडे दुसरा मार्ग नव्हता. सूज उतरवायला त्याच्या कोपऱ्यात साधा थंड धातूचा तुकडा नव्हता, रबरी हातमोज्यात पाणी भरून डोळ्यावर धरत होते. त्याचे गुरू कस डमाटो गेले आणि मागे माणूसच उरला नाही असं मला वाटतं.

फोरमनचा मान मात्र माझ्या मनात किन्शासानंतरच वाढला. १९९४ साली, ४५ व्या वर्षी, तीच जुनी चड्डी घालून तो मायकल मूररसमोर उभा राहिला. नऊ राउंड मार खाल्ला आणि दहाव्यात एका उजव्याने किताब परत घेतला. घाई न करता वाट बघणं तो शिकला होता, आणि ते त्याला कोणी शिकवलं हे आपल्याला ठाऊक आहे.

एका गोष्टीत तू बरोबर आहेस आणि ते मी कबूल करतो. मार सोसायची जी विद्या अलीला किन्शासात तारून गेली, तीच पुढे त्याने फार वापरली. मनिलात १९७५ ला फ्रेझरबरोबर चौदा राउंड, १९७७ ला शेव्हर्स, आणि १९८० ला लॅरी होम्स. होम्स त्याच्याबरोबर सराव करून मोठा झालेला. मारता मारता तो पंचांकडे बघत होता, आता थांबवा म्हणून, आणि नंतर रडला. ती लढत मी एकदा बघितली, पुन्हा बघवत नाही. १९८४ साली पार्किन्सन्सचं निदान झालं. मार्सियानो वेळेवर थांबला, अली थांबला नाही. हा गुण मी मार्सियानोला देतो, पुरा.

दिवाळीला येणार आहेस ना? नरकासुराच्या रात्री नाहीतरी कोणी झोपत नाही. पोरं रस्त्यावर गेली की किन्शासाचा आठवा राउंड लावतो, आवाज बंद करून. शेवटचे दहा सेकंद. डाव्या हुकने फोरमनचं डोकं वर येतं, त्यावर सरळ उजवा बसतो, आणि तो एवढा मोठा माणूस हात पसरून गोल फिरत खाली यायला लागतो. तेव्हा फोरमनकडे बघू नकोस. अलीच्या उजव्या हाताकडे बघ. मूठ आवळलेली आहे, हात मागे खेचलेला आहे, फोरमनचा चेहरा त्याच्या समोरून उघडा जातोय. अली त्याच्याबरोबर पाऊल फिरवतो, आणि हात तसाच धरून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुझाच मित्र