लांब आतडे हा आजार नव्हे, आणि चूर्ण हा त्यावरचा उपाय नव्हे

संपादक महोदय,
स. न.

'एका रात्रीत पोट साफ' असे सांगणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती वृत्तपत्रांत नित्य येतात. त्या वाचून चूर्ण घेणाऱ्यांत काहींच्या हाती 'रिडंडंट कोलन' असे लिहिलेला रिपोर्ट आलेला असतो. मोठे आतडे प्रमाणापेक्षा लांब, एवढाच त्याचा अर्थ. पण तो वाचून माणूस मनाशी ठरवून टाकतो की आता जन्मभर चूर्णच. इंदूरच्या मराठी घरांत ही समजूत फार खोल आहे, म्हणून हे पत्र.

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते. ते उजवीकडून वर चढते, पोटात आडवे जाते, डावीकडून खाली उतरते आणि शेवटी नागमोडी वळण घेऊन गुदाशयाला मिळते. काहींचे हे शेवटचे वळण इतके मोठे असते की ते पोटाच्या उजव्या बाजूपर्यंत पोचते. काहींचे आडवे आतडे ओटीपोटापर्यंत लोंबते. पुष्कळदा ही जन्मापासूनची ठेवण असते आणि असे आतडे असलेल्या कितीतरी जणांना काहीच त्रास नसतो. सीटी स्कॅन दुसऱ्याच कारणासाठी केला जातो आणि तेव्हा ते कळते. त्यामुळे बद्धकोष्ठ आहे आणि आतडे लांब आहे, या दोन गोष्टी एका माणसात असल्या तरी एकीमुळे दुसरी झाली असे लगेच मानता येत नाही.

शोधायचे असते ते वेगळेच: मल आतड्यातून हळू सरकतो आहे, की दाराशी येऊन अडतो आहे?

दाराशी अडण्याचा प्रकार आपल्याकडे सर्वांत कमी ओळखला जातो. कुंथताना गुदद्वाराचे स्नायू सैल पडायला हवेत. काहींचे ते नेमके त्याच वेळी आवळले जातात. मऊ मलसुद्धा बाहेर येत नाही, जाऊन आल्यावरही काही उरले आहे असे वाटत राहते, बोटाचा आधार घ्यावा लागतो. लाजेपोटी ही शेवटची गोष्ट कोणी डॉक्टरांना सांगत नाही, आणि निदानाला तीच सर्वांत उपयोगी असते. तपासणी साधी आहे: गुदाशयात ५० मिलिलिटर पाणी भरलेला छोटा फुगा ठेवतात आणि तो साधारण एका मिनिटात बाहेर टाकता येतो का ते पाहतात. नाही आला, तर स्नायूंचे दाब मोजतात. यावर उपचार म्हणजे बायोफीडबॅक, म्हणजे त्या स्नायूंना पुन्हा सैल पडायला शिकवणे. येथे चूर्णाने जुलाब होतात, दोष तसाच राहतो.

आतडे मंद आहे का, हे पाहायला २४ बारीक कडी असलेली कॅप्सूल गिळायला देतात आणि पाचव्या दिवशी एक्स-रे काढतात. पाचहून अधिक कडी आत उरली तर गती मंद. पण त्याआधी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी), साखर, कॅल्शियम आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, रक्तदाबासाठीचे व्हेरापामिल, अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही सगळी बद्धकोष्ठ करणारी आहेत. आजींच्या डब्यात यांपैकी दोन-तीन हमखास सापडतात आणि त्यांच्या शेजारीच चूर्णाची बाटली असते.

आता खाण्याचे. प्रौढ माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू (फायबर) लागतात. आपल्या सकाळच्या पोह्यांच्या बशीत, म्हणजे ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांत, ते दोन ग्रॅमसुद्धा नसतात. वर शेव घातली तरी फारसा फरक पडत नाही. उपासाच्या साबुदाण्यात जवळपास शून्य. याउलट ज्वारीच्या दोन भाकऱ्यांत दहाच्या आसपास, वाटीभर अख्ख्या मुगात पाच, आणि एका पेरूत, ज्याला आपण माळव्यात जाम म्हणतो, पाचाहून जास्त. दोन वेळची भाजी धरली की गणित जुळते. उपासाला राजगिरा आणि सालासकट उकडलेले रताळे चालते, मग साबुदाण्याचा हट्ट कशाला? मात्र तंतू आठवड्याला पाच ग्रॅमप्रमाणे वाढवावेत. एकदम वाढवले की पोट फुगते. गती खरोखर मंद असेल तर तंतू वाढवून उलट त्रास होतो. तिथे सोसेल तेवढेच घ्यावेत.

इसबगोल तर घराघरांत आहे, नीमचची मंडी जवळ असल्याने चांगले मिळतेही, पण घेण्याची पद्धत चुकते. एक चमचा इसबगोल पेल्यात टाकून पंधरा मिनिटे ठेवून पाहा: त्याचा खिरीसारखा लगदा होतो. दोन घोट पाण्याबरोबर कोरडेच गिळून झोपले तर हे फुगणे अन्ननलिकेत किंवा आतड्यात होते आणि तिथेच बोळा बसू शकतो. एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, मोठ्या पेलाभर (२५० मिलिलिटर) पाण्यात ढवळून लगेच प्यावे, वर आणखी एक पेला पाणी घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच वाढवावे.

आतडे सर्वांत जोराने हलते ते सकाळी उठल्यावर आणि पहिल्या खाण्यानंतरच्या अर्ध्या तासात. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, रात्री बारापर्यंत खाऊन सकाळी उशिरा उठायचे आणि धावत ऑफिस गाठायचे, यात नेमकी हीच वेळ निसटते. आलेली भावना पुन्हा पुन्हा दाबली की ती येईनाशी होते. नवीन फ्लॅटमध्ये कमोड असेल तर पायांखाली आठ-नऊ इंच उंच पाट किंवा स्टूल घ्यावे, गुडघे कमरेच्या वर यावेत, कोपरे मांड्यांवर टेकावीत. गुदाशयाचा कोन सरळ होतो आणि कुंथावे लागत नाही. दहा मिनिटांत झाले नाही तर उठावे. मोबाइल बाहेरच ठेवावा.

चूर्णांविषयी न्यायाने बोलायचे तर त्यांत बहुधा असणारी सोनामुखी (सेन्ना, जुलाब करणारी वनस्पती) विष नव्हे. डॉक्टरही ती देतात. अडचण अशी की चमच्यात ती किती आली हे कळत नाही. मात्रा जास्त झाली की सबंध आतडे रिकामे होते. मग पुढचे एक-दोन दिवस शौचाला न होणे स्वाभाविकच असते, पण माणूस त्याला बद्धकोष्ठ समजून पुन्हा चूर्ण घेतो, आणि हे चक्र वर्षानुवर्षे चालते. रोज काही घ्यावेच लागणार असेल तर मल मऊ करणाऱ्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलची १७ ग्रॅम पूड पेलाभर पाण्यात घेणे हा अधिक भरवशाचा मार्ग आहे. तो डॉक्टरांना विचारावा. लॅक्ट्युलोजनेही मल मऊ होतो, पण गॅस वाढतो.

वृद्धांत आणखी एक फसगत होते. खडा झालेला मल खाली अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपते. घरचे त्याला जुलाब समजून जुलाब थांबवणारी गोळी देतात आणि खडा आणखी घट्ट बसतो.

लांब आतड्याचा खरा धोका एकच, पीळ पडण्याचा. पोट अचानक ढोलासारखे फुगणे, वायूसुद्धा न सरणे, कळा, मग उलट्या. अशा वेळी चूर्ण, एरंडेल, एनिमा काहीही देऊ नये. त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. दुर्बिणीने पीळ सुटला तरी तो पुन्हा पडण्याचा संभव मोठा असतो, म्हणून पीळ पडलेले ते वळण शस्त्रक्रियेने काढून टाकण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. एरवी केवळ लांबीसाठी आतडे कापून घेऊ नये. मलातून रक्त, कारण नसताना वजन घटणे, रक्तक्षय, किंवा पंचेचाळिशीनंतर सवयीत अचानक बदल असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, टाळू नये, आणि आतडे लांब असल्याचे आधीच माहीत असेल तर ते दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना आदल्या भेटीतच सांगावे, कारण अशा आतड्यात नळी वेटोळी घेते आणि पोट साफ करण्याची तयारीही जास्त कसून करावी लागते.

आपल्याला विनंती एवढीच की चूर्णाची जाहिरात स्वीकारताना तीत सोनामुखी आहे का आणि एका चमच्यात किती, हे छापण्याची अट घालावी. आणि पीळ पडल्याची वर दिलेली लक्षणे आरोग्य पुरवणीत चौकटीत द्यावीत, आजी-आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत.

आपले,
पोटविकाराच्या रुग्णांना आहाराचा सल्ला देणारे दोन वाचक,
रामबाग, इंदूर