बाबा, हिशेब तुम्हीच पडताळा

ती. आई-बाबांना सा. न.

लॉ स्कूलचे अर्ज भरले. आधी विचारलं नाही, कारण बाबांनी ‘बघू’ म्हटलं असतं आणि ते ‘बघू’ मला पाठ आहे. नोकरी इतक्यात सोडत नाही. तीन वर्षांची फी थोडी साठवलेल्यातून, थोडी कर्जातून भागेल. दर महिन्याला घरी येणारे पैसे थांबणार नाहीत, शेवंताबाई दोन्ही वेळ येतीलच, आणि नवा गीझर बसवायचाय म्हणजे बसवायचाय.

बाबा, फोनवर तुमचा एकच धोशा, गुणपत्रिकेवर सरासरी ३.७० आणि अर्जात ३.६३ कसे? कुणी कापलेले नाहीत. कॉलेजने काढलेली सरासरी इथे जशीच्या तशी धरत नाहीत. एलसॅक नावाची, अमेरिकेतल्या लॉ स्कूलचे अर्ज हाताळणारी संस्था पहिल्या पदवीपर्यंतचे सगळे ग्रेड मागवून नव्याने मांडते. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, डी म्हणजे १. त्याला विषयाच्या क्रेडिटने, म्हणजे त्या विषयाच्या वजनाने, गुणायचं आणि बेरजेला एकूण क्रेडिटने भागायचं. कॅल्क्युलसमध्ये आधी डी होता, पुन्हा बसून ए काढला. कॉलेजने जुना डी हिशेबातून वगळला, एलसॅक दोन्ही धरते. म्हणजे १२० क्रेडिटचे ४४४ गुण होते, त्यात आणखी ४ क्रेडिट आणि फक्त ४ गुण. उलट दोन विषयांतल्या ए प्लसला कॉलेज ४च देत होतं, एलसॅक ४.३३ देते, प्रत्येकी ३ क्रेडिट. घ्या तुमचे पाठकोरे कागद! एमएसचे ग्रेड मात्र यात धरतच नाहीत, नुसते फाइलला लागतात. त्यासाठी केवढी रात्र रात्र जागले होते. असो.

आई, आता तू ऐक. तो डी कोणत्या सत्रातला, हे तुझ्या लगेच लक्षात येईल आणि तू मनाला लावून घेशील. नको. परीक्षेच्या आठवड्यात मी मिरजेला तुझ्या उशाशी होते, आणि आजही तेच केलं असतं. गुंगीतून बाहेर आलीस ती दादावर ओरडतच, दुधाचं पातेलं फ्रीजबाहेर राहिलं म्हणून! तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की पेपर कुठला नि काय. अर्जासोबत पानभर खुलासा जोडता येतो. त्यात ‘घरी आजारपण’ एवढंच लिहिलंय. तुझ्या ऑपरेशनचं काही नाही, तुला ते चारचौघांत आवडत नाही, माहितेय मला.

आता निमूट ऐकायचं. बीपीची गोळी चहाआधी, चहासोबत नाही. बाबा, अंधार पडल्यावर स्कूटर काढायची नाही. मला कुठे प्रवेश मिळतो ते कळेपर्यंत शेजारी चकार शब्द नको. आणि मोतीबिंदूची तारीख आता पुढे ढकलायची नाही. दादा गाडी घेऊन येईल, रिक्षाने जायचं नाही.

तुमची,
चिमी