बाबूरावांचा हात

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

सिनेमाची पोस्टरे रंगवणाऱ्याला चित्रकार म्हणायचे की कारागीर, असे बाबांनी परवा फोनवर विचारले. प्रश्नाचा रोख माझ्या पोस्टरे करण्याच्या नोकरीकडे होता हे मला कळले. परंतु जन्म कोल्हापुरात काढलेल्या माणसाने असे विचारावे याचे नवल वाटले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आपल्या कोल्हापूरचे जुने चित्रपटकार बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. जन्म १८९० चा. वडील कृष्णराव स्वतः कसबी कारागीर, त्यामुळे हातातली कला घरातूनच आली. तरुण वयात ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. राजवाडा, अरण्य, नदीकाठ असे जे काही रंगवायचे ते शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही पटले पाहिजे, हा त्या कामाचा दंडक. बारकावे कुठे सोडायचे आणि उजेड कुठून पाडायचा, हे त्यांना पडद्यांनीच शिकवले असावे, असे माझे मत आहे. पोस्टरलाही नेमके हेच लागते, कारण ते रस्त्यावरून चालता चालता पाहिले जाते.

पुढे दोघा भावांनी चित्रपटाचा कॅमेराच घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, त्यानंतर बाबूरावांनी आपले सहकारी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने तो पुरा केला आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. मला सर्वांत विलक्षण वाटते ते असे की, ज्यांचे नाव पडदे रंगवण्यावर झाले, त्यांनीच चित्रपटातून रंगवलेले सपाट पडदे हद्दपार करून खोली असलेले सेट उभारले. चित्रीकरणाआधी ते पात्रांचे पोशाख आणि हालचाली कागदावर रेखाटून घेत. ‘सिंहगड’ला १९२३ मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. एवढा व्याप सांभाळून आपल्या चित्रपटांची पोस्टरे त्यांनी स्वतः रंगवली आणि प्रेक्षकांसाठी चित्रांसह माहितीपुस्तिकाही काढल्या. जाहिरात हे काम त्यांनी दुय्यम मानले नाही, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

हाताने रंगवलेले फलक टिकत नसत. छोट्या चित्रावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर आखून एकेक चौकट उतरवायची, आणि खेळ उतरला की त्याच कापडावर पुन्हा पांढरा हात मारून पुढचा सिनेमा रंगवायचा, अशी या धंद्याची रीत. कापड महाग, चित्र स्वस्त! त्यामुळे त्या काळातले फारच थोडे आज पाहायला मिळते.

कंपनी १९३०च्या सुमारास बंद पडल्यावर मधूनमधून दिग्दर्शन केले तरी बाबूराव मुख्यतः चित्र आणि शिल्पाकडेच वळले. १९५४ मध्ये ते गेले. दामले, फत्तेलाल, शांताराम हे पुढचे नामवंत चित्रपटकार सारे त्यांच्याच हाताखालून गेलेले. आता बाबांनीच ठरवावे, चित्रकार की कारागीर. माझ्या लेखी बाबूरावांना तो भेद कधी पडलाच नसावा.

मी संगणकावर पोस्टर करते, तरीही आधी ते बोटाएवढे छोटे करून ओळखू येते का ते पाहते. कसोटी पडदेवाल्यांचीच आहे.

आई, आजोबांच्या ट्रंकेत जुन्या सिनेमांच्या काही पुस्तिका आहेत असे तू म्हणाली होतीस. त्यांचे फोटो काढून पाठव. बाबांना मात्र त्या लॅमिनेट करू देऊ नकोस. जुना कागद त्याने कायमचा वाया जातो.

आपली,
धाकटी